सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये, गूगल शीट्समध्ये की लिब्रेऑफिसमध्ये? फक्त तारखा नि आकड्यांपुरतं बोलू

खजिनदार झालात की पहिला प्रश्न हाच येतो. आमच्या दादरच्या सोसायटीचा हिशोब मी तिन्हीकडे करून बघितलाय, बेरीज-वजाबाकीत काही फरक नाही हो, डोकं फिरतं ते तारखा, वॉचमनचे तास आणि लाखाचे कॉमा यांच्यापायी.

आधी माझाच घोळ सांगतो. बँकेची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साध्या मजकुराची फाईल) आली, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. माझ्या लॅपटॉपचं रीजन, म्हणजे देशाची सेटिंग, कधीपासून अमेरिकेचं होतं देव जाणे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मेंटेनन्स भरलेला ०७/०४/२०२५ ला, म्हणजे ७ एप्रिलला, आणि एक्सेलने तो घेतला ४ जुलै म्हणून. स्क्रीनवर दिसताना मात्र ७/४/२०२५ च दिसतंय, त्यामुळे संशय यायचं कारणच नाही, शीटने गुपचूप ८८ दिवसांचं व्याज लावलं आणि आजोबा पावती घेऊन दारात. त्याच कॉलममध्ये १३ तारखेपासून पुढच्या एंट्र्या डावीकडे चिकटलेल्या होत्या, कारण तेरावा महिना नसतो, मग एक्सेलने त्यांना तारीख न मानता टेक्स्ट म्हणून सोडून दिलं. तारखांच्या कॉलममध्ये अर्धे डावीकडे अर्धे उजवीकडे दिसले की समजायचं गडबड आहे.

इथे फॉरमॅट बदलून काही होत नाही. सेलच्या आत तारीख नसतेच, आत असतो दिवसांचा आकडा, ७ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७५४ आणि ४ जुलै म्हणजे ४५८४२. आकडाच चुकीचा बसला की वरून दिवस-महिना-वर्ष कसंही मांडा, ४ जुलैच राहणार.

याबाबतीत लिब्रेऑफिसचं कॅल्क सरळ जिंकतं. सीएसव्ही उघडली की ते आधी विंडो दाखवतं, कॉलमवर क्लिक करून दिवस-महिना-वर्ष असा क्रम निवडायचा, संपलं. एक्सेलमध्येही जमतं, पण फाईल डबल क्लिक न करता डेटा मेनूतून आणावी लागते नाहीतर नंतर टेक्स्ट टू कॉलम्स चालवावं लागतं, आणि हे माहीत असलेला माणूस कमिटीत एकच असतो. शीट्समध्ये फाईलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने घ्यायचे ते) असतो, तो इंडिया करायचा, पण डेटा आणायच्या आधी! आधीच चुकीच्या बसलेल्या तारखा नंतर लोकेल बदलून सुधारत नाहीत.

शीट्सचा मोठा फायदा म्हणजे हा लोकेल फाईलचा असतो, बघणाऱ्याच्या मशीनचा नाही, सेक्रेटरी मोबाईलवर बघोत की सीए ऑफिसात, सगळ्यांना तारीख एकसारखीच. एक्सेल विंडोजच्या रीजनकडे बघतं. तिथे डिजिट ग्रुपिंग १२,३४,५६,७८९ असं केलं की तुमच्याकडे झकास लाख-कोटी दिसतात, पण तीच फाईल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की बारा लाख परत मिलियन होऊन बसतात. म्हणून मी कस्टम फॉरमॅट टाकतो, एक्सेल आणि शीट्स दोन्हीत चालतो:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यात एक गोम आहे. वजा आकडे तिसऱ्या भागात पडतात, म्हणजे अडीच लाखाची तूट -२५०,००० अशी दिसते. आमच्या सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशाला) तूट नाही म्हणून चाललंय. कॅल्कमध्ये ही कसरत नको, सेल फॉरमॅटमध्येच भाषा निवडायची सोय आहे, इंग्लिश-भारत निवडून #,##,##0 लिहिलं की झालं, आणि भाषा मराठी केली तर महिन्यांची नावंही मराठीत येतात, नोटीस बोर्डासाठी मस्त.

आता वॉचमन. बारा तासांच्या २६ ड्युट्या, बेरीज केली तर एक्सेल म्हणतं ०:००. खरंच! ३१२ तास म्हणजे बरोबर १३ दिवस, आणि तास-मिनिटांचा साधा फॉरमॅट पूर्ण दिवस टाकून फक्त उरलेलं घड्याळ दाखवतो. कस्टममध्ये तासाचा एच चौकोनी कंसात टाकला की ३१२ दिसतात. शीट्समध्ये नंबर फॉरमॅटच्या मेनूत ड्युरेशन म्हणून तयारच आहे, नवख्या माणसाला हे सोपं. पगार काढताना मात्र तिन्हीकडे बेरजेला २४ ने गुणून मग तासाचा दर लावायचा, नाहीतर महिन्याचा पगार १३ तासांचा निघेल आणि वॉचमन गेट उघडायचा बंद होईल. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी वजा केली तर वेळ निगेटिव्ह जाते, एक्सेल नुसतं ##### दाखवतं, तिथे मॉड फंक्शन वापरा, =MOD(शेवट-सुरुवात,1) असं, किंवा वेळेबरोबर तारीखही लिहा.

जुन्या ट्रस्टचे कागद असतील तर अजून एक. एक्सेलची तारीख १९०० पासून सुरू होते. मी गंमत म्हणून बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीची तारीख टाकली, १६ एप्रिल १८५३, एक्सेलने टेक्स्ट म्हणून ठेवली, कॅल्कने तारीख म्हणून घेतली.

तर माझं मत विचाराल तर कमिटीत चार जण एकाच फाईलला हात लावणार असतील तर शीट्स, लोकेल पहिल्या दिवशी बदलून. सीएला एक्सेलच हवं असेल आणि फाईल तुम्ही एकटेच सांभाळणार असाल तर एक्सेल, रीजन तपासून. सध्या मी बँकेची सीएसव्ही आधी कॅल्कमध्ये उघडतो, तारखा बरोबर बसल्या की कॉपी करून शीट्समध्ये टाकतो, थोडा उद्योग आहे पण आजोबा परत वर आले नाहीत. आणि खाते नंबरचा कॉलम काही टाईप करायच्या आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य तिन्हीकडे उडतं, आणि एक्सेल तर १५ आकड्यांनंतरचे सगळे आकडे शून्य करून टाकतं, नंतर टेक्स्ट केलं तरी ते परत येत नाहीत.