वर्दीतलं पोर्ट्रेट: तेलरंग की ॲक्रिलिक?

माजी सैनिकाचं पोर्ट्रेट हाती घेतलं की सगळ्यांना धास्ती चेहऱ्याची असते. मला वर्दीची जास्त वाटते. गाल जरा तांबूस झाला तर घरची माणसं म्हणतात, "हो, रागावले की अस्सेच दिसायचे." पण ऑलिव्ह ग्रीनची छटा किंचित हलली, की ती वर्दी वर्षानुवर्षं इस्त्री केलेल्या काकू दारातूनच सांगतात, "रंग चुकलाय हो." त्यात अर्धा कॅनव्हास त्याच एका रंगाचा. त्यामुळे कुठला रंग वापरायचा, हे माझ्यापुरतं तरी वर्दीनंच ठरवलं.

आमच्या सातारकडे अशी कामं अधूनमधून येतच राहतात. अपशिंगे या सैनिकांच्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, तो हा मुलूख. पहिली तीन-चार पोर्ट्रेटं मी ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या आणि झटकन सुकणाऱ्या रंगात, केली आणि त्याची सोय आजही नाकारत नाही. टर्पेंटाइनचा वास नाही, ब्रश नळाखाली धुतले की झालं, घरात कुरबुर नाही. छातीवरच्या पदकांच्या रिबनच्या बाबतीत तर तेलरंगानं त्याच्यापुढे हात टेकावेत. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक, कीर्ती आणि शौर्य या तिन्ही चक्रांची हिरवी, पण त्यावर केशरी रेघा अनुक्रमे एक, दोन, तीन. नखाएवढ्या जागेत एक रेघ कमीजास्त झाली तर माणसाचं पदकच बदलतं. इथे खालचा थर दहा मिनिटांत सुकणं हे वरदानच. ओल्या तेलरंगात केशरी हिरव्यात उतरतं आणि चिखल होतो.

मग बिनसलं कुठे? ॲक्रिलिक ओलं असताना दिसतं त्यापेक्षा सुकल्यावर गडद होतं. त्यातलं बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव, ओलेपणी दुधाळ असतं, सुकलं की पारदर्शक होतं. चेहऱ्यावर हे खपून जातं, कारण तिथे दर बोटभर अंतरावर छटा बदलतेच. सपाट कापडावर खपत नाही. एका सुभेदारसाहेबांच्या पोर्ट्रेटमध्ये डाव्या खांद्याची एक चुणी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला घेतली. रंग जुळवला, लावला, अगदी बेमालूम. चहा पिऊन आलो तर खांद्यावर ठिगळ! मुद्दाम फिका मिसळला, तर सुकून फिकाच राहिला. चार वेळा हेच. पाचव्यांदा वैतागून अख्खी छाती नव्यानं भरली आणि त्या गडबडीत आदल्या दिवशी कोरलेली रिबनची ओळ गेली. कदाचित माझाच हात कच्चा असेल. रंग ओला ठेवणारं माध्यम घालून हे नीट सांभाळणारे चित्रकार आहेत. मला मात्र त्यानंतर वर्दी ॲक्रिलिकमध्ये करायचा धीर झाला नाही.

तेलरंगात ओला आणि सुका यात एवढी फसवाफसवी नाही. बाही दोन-तीन दिवस हलवता येते, चुणीच्या कडा बोटानं विरघळवता येतात, चुकलं तर फडक्यानं पुसता येतं. गडद भाग सुकल्यावर निस्तेज पडतात, पण रिटचिंग वार्निशचा, म्हणजे काम चालू असतानाच लावायच्या पातळ वार्निशचा, हलका हात दिला की पुन्हा उठतात. खरी कटकट सुकण्याची. पिवळ्या ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) आयव्हरी ब्लॅक हा काळा घातला की सुरेख ऑलिव्ह मिळतो, पण हा काळा सुकायला महाआळशी. आमच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. आता मी बराचसा भार रॉ अंबर या मातकट तपकिरीवर टाकतो, तो लवकर सुकतो.

तेलाचं काम रेंगाळतंच असंही नाही. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यातल्या लष्करी दालनात नेपोलियनविरुद्धच्या 1812 च्या युद्धातल्या रशियन सेनानींची तीनशेवर तैलपोर्ट्रेटं आहेत. जॉर्ज डॉ या इंग्रज चित्रकारानं ती मदतनिसांना हाताशी धरून दहाएक वर्षांत उरकली. टिकाऊपणासाठी मात्र नुसत्या तेलाच्या नावावर विसंबू नका. रेनॉल्ड्ससारख्या मातब्बर इंग्रज पोर्ट्रेटकाराची कित्येक चित्रं बिट्युमेन या डांबरी तपकिरी रंगाच्या हौसेपायी तडकली. पण ॲक्रिलिकही उन्हाळ्यात जरा मऊच राहतं. माझ्या एका कॅनव्हासवर बबल रॅपचे गोल ठसे उठले, तेही थेट टोपीवर.

हल्ली मी दोन्ही वापरतो. खालचा पातळ थर आणि रिबनची ओळ ॲक्रिलिकमध्ये, चेहरा आणि वर्दी वरून तेलात. रिबनवर तेल सांडलं तर टर्पेंटाइनच्या ओझरत्या बोळ्यानं निघतं, खालची रेघ हलत नाही. उलटं मात्र कधी करू नका, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही. आणि जुन्या फोटोवरून करत असाल तर आधी पदकं डाव्या छातीवर आहेत ना, ते बघा. फोटो उलटा छापलेला निघतो, आणि हे कळतं ते चित्र पूर्ण झाल्यावर.

सेनादिनाला, म्हणजे 15 जानेवारीला, अनावरण ठरलंय आणि काम डिसेंबरात आलंय, तर ॲक्रिलिकच घ्या, मी हट्ट धरणार नाही. फक्त वर्दीचा रंग पहिल्याच दिवशी डबीभर मिसळून झाकण घट्ट लावून ठेवा. तेलात करायचं असेल तर घरच्यांकडून दिवाळीपर्यंतची सवड आधीच मागून घ्या, आणि वार्निश आणखी सहा महिन्यांनी येऊन लावीन असंही तेव्हाच सांगून टाका. मी सांगतो. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.