स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स: नव्या गायक-संगीतकाराच्या हाती काय लागते?

‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ ही सेवा विनामूल्य आहे, आणि ज्यांचे एक तरी गाणे स्पॉटिफायवर आहे किंवा येऊ घातले आहे, अशा प्रत्येक गायक-संगीतकाराने ती घ्यावी, हे माझे मत आरंभीच नोंदवतो. मात्र ही सेवा श्रोते मिळवून देत नाही. मिळालेले श्रोते कोण आहेत, ते कुठून आले आणि पुन्हा आले का, एवढे ती दाखवते. हा फरक लक्षात न घेता तिच्याकडे वळणाऱ्या कलाकारांची लवकरच निराशा होते. संगीताची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरातील संगीतसेवांवर दररोज सरासरी १ लाखाहून अधिक नवी ध्वनिमुद्रणे दाखल होत होती. एवढ्या गर्दीत आपले गाणे कुणीतरी आपोआप शोधून काढील, ही आशा बाळगण्यात अर्थ नाही.

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. कलाकाराला तेथे गाणे थेट चढवता येत नाही. तसे चढवू देण्याचा प्रयोग कंपनीने २०१९ मध्येच बंद केला. त्यामुळे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी यांसारख्या एखाद्या वितरकामार्फतच, म्हणजे गाणी संगीतसेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फतच, जावे लागते. वितरकाकडून गाणे पोहोचले की या सेवेत आपल्या पानाचा ताबा मागायचा. येथे मराठी कलाकारांची एक अडचण वारंवार होते. आपली नावे रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, आणि पहिल्या गाण्याला एक व दुसऱ्याला दुसरे स्पेलिंग दिले की एकाच माणसाची दोन पाने तयार होतात. याउलट, नाव सर्रास आढळणारे असेल तर आपले गाणे त्याच नावाच्या एखाद्या अनोळखी कलाकाराच्या पानावर जाऊन बसते. श्रोते दोन ठिकाणी विभागले गेले की पुढची सारी आकडेवारी निरुपयोगी ठरते. म्हणून नावाचे एकच रूप ठरवून ते सर्वत्र पाळावे, ही दुरुस्ती नंतर करण्यापेक्षा आधी करणे फार सोपे आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची सोय म्हणजे संपादकांकडे गाणे पाठवण्याचा अर्ज. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टमध्ये, म्हणजे कंपनीच्या संपादकांनी निवडलेल्या गाण्यांच्या यादीत, पैसे भरून जागा मिळत नाही. अजून प्रकाशित न झालेले एक गाणे या अर्जाद्वारे सुचवायचे, एवढाच मार्ग आहे. प्रकाशनानंतर हा अर्ज करता येत नाही, आणि प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी तो केला तर ते गाणे आपल्या फॉलोअर मंडळींच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे दर शुक्रवारी बदलणाऱ्या वैयक्तिक यादीत, जाते. वितरकाकडून गाणे पोहोचायलाही काही दिवस लागतात, हे धरून प्रकाशनाची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवणे शहाणपणाचे. गाणे रात्री मिक्स करून दुसऱ्या दिवशी सणाचा मुहूर्त गाठण्याची आपल्याकडील घाई येथे सरळ नुकसान करते. गणेशोत्सवाचे गाणे श्रावण लागण्यापूर्वीच तयार असावे.

अर्जात गाण्याचा प्रकार, भाव, वाद्ये, भाषा, कलाकाराचे गाव अशी माहिती भरून शेवटी ५०० अक्षरांत गाण्याविषयी लिहायचे असते. या जागेचा बहुतेक जण अपव्यय करतात. ‘हृदयाला भिडणारे, अविस्मरणीय गीत’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बेतलेले गाणे आहे, साथीला केवळ संबळ आणि बेस गिटार आहे, ध्वनिमुद्रण साताऱ्यात घरीच केले आहे, प्रकाशनाच्या आठवड्यात पुण्यात व कोल्हापुरात कार्यक्रम ठरले आहेत, असा नेमका तपशील दिला तर गाणे कोणत्या यादीत शोभेल याचा अंदाज संपादकाला बांधता येतो. निवड होईलच असे नाही. बहुतांश गाण्यांची होत नाही. तरीही अर्ज करावा, कारण ‘रिलीज रडार’चा लाभ निवडीवर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे फॉलोअरच्या संख्येवर, आणि ती वाढवण्याचे काम बैठकीत, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा मंडळाच्या मंचावर गाणे संपताच श्रोत्यांना फॉलो करण्याची विनंती करूनच होते. मराठी कलाकारांना अशी विनंती करण्याचा संकोच वाटतो. तो सोडावा असे मला मनापासून वाटते.

आकडेवारीचा विभाग विस्तृत आहे, आणि त्यात हरवून जाणे सोपे आहे. एकूण स्ट्रीमची, म्हणजे गाणे किती वेळा ऐकले गेले याची, संख्या मोठ्या अक्षरांत दिसते, पण तिला मी फारसे महत्त्व देत नाही. गाणे किती जणांनी स्वतःच्या संग्रहात सेव्ह केले, किती जण स्वतः शोधून आले आणि किती जणांसमोर ते आपोआप वाजले, हे पाहावे. या सेवेत श्रोत्यांचे स्वेच्छेने ऐकणारे व यंत्रणेने ऐकवलेले असे गट पाडलेले असतात, आणि स्वेच्छेने ऐकणाऱ्यांतील सर्वांत निष्ठावंतांना ‘सुपर लिसनर’ म्हटले जाते. स्पॉटिफायने स्वतः प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार असे श्रोते सरासरीने महिन्याच्या श्रोत्यांपैकी जेमतेम २ टक्के असतात, पण १८ टक्क्यांहून अधिक स्ट्रीम त्यांचे असतात. शहरवार तक्ताही उपयोगी आहे: नाशिकमध्ये पुण्याइतकेच श्रोते दिसू लागले तर पुढचा छोटा कार्यक्रम नाशिकला का करू नये, असा विचार त्यातून सुचतो. गाण्यासोबत ३ ते ८ सेकंदांचे फिरते दृश्य लावण्याची ‘कॅनव्हास’ ही सोय देखणी आहे. तिच्यामागे फार वेळ घालवू नये.

समाजमाध्यमांवर ‘हमखास दहा हजार स्ट्रीम’ विकणाऱ्यांच्या जाहिराती नव्या कलाकारांपर्यंत लगेच पोहोचतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये. कृत्रिम स्ट्रीम ओळखून स्पॉटिफाय ते मोजणीतून काढते, आणि २०२४ पासून उघड गैरप्रकार आढळल्यास त्या गाण्यामागे वितरकाला दंड आकारते; वितरक तो कलाकाराकडून वसूल करू शकतो किंवा गाणेच काढून टाकू शकतो. याहून मोठा तोटा असा की खोट्या श्रोत्यांमुळे वर सांगितलेली सारी आकडेवारी दूषित होते, आणि आपले गाणे खरोखर कुणाला आवडते हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

उत्पन्नाविषयी थोडक्यात. २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला मोबदलाच मिळत नाही. हा नियम छोट्या भाषांतील नव्या कलाकारांवर अन्याय करणारा आहे, कारण त्यांचे श्रोते थोडे असले तरी खरे असतात. ‘डिस्कव्हरी मोड’ या सोयीत आधी पैसे भरावे लागत नाहीत. निवडलेले गाणे स्पॉटिफायच्या ‘रेडिओ’ व ‘ऑटोप्ले’ या आपोआप गाणी वाजवणाऱ्या सोयींमध्ये अधिक सुचवले जाते, आणि त्या ठिकाणच्या मोबदल्यातून ३० टक्के कापले जातात. पहिल्याच गाण्याला ती लावू नये. श्रोते स्वतःहून परत येतात हे ज्या गाण्याने सिद्ध केले आहे, त्यालाच तिचा उपयोग होईल.

या सेवेची खरी उणीव वेगळीच आहे. श्रोता कोणत्या शहरात राहतो हे ती सांगते, पण त्याच्याशी संपर्क साधण्याचा मार्ग कलाकाराच्या हाती देत नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर गाणे विकत घेणाऱ्याचा ईमेल पत्ता कलाकाराला मिळू शकतो. येथे तसे काही नाही. भारतात रेसो ही संगीतसेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली, त्याच वर्षी विंक ही सेवाही गेली, आणि तेथे जमवलेले श्रोते कलाकारांना सोबत नेता आले नाहीत. म्हणून कार्यक्रमाच्या दाराशी नाव-पत्त्याची वही ठेवावी, व्हॉट्सॲपवर श्रोत्यांचा गट करावा, आणि नव्या गाण्याची वार्ता आधी तेथे द्यावी. स्पॉटिफायने श्रोत्याच्या संमतीने त्याचा ईमेल कलाकाराला देण्याची सोय केली, तर या सेवेला मी पूर्ण गुण देईन. तोवर पाचांपैकी साडेतीन.