गोठ्यातला पंखा-फवारा संच: दोन उन्हाळ्यांनंतर

उन्हाळ्यात गायींचं दूध घटू नये म्हणून बहुतेक जण हा संच घेतात. मी घेतला तो गायी उलटत होत्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नव्हत्या म्हणून. माज स्वच्छ, रेतन वेळेवर, तरी २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर. फार जीव तुटायचा.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा उलगडलं. रेतनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गर्भ जेमतेम दोन ते आठ पेशींचा असतो. त्याची स्वतःची जनुकं अजून पुरती जागी झालेली नसतात, त्यामुळे उष्णता सोसायची ताकदही कमी. गाईचं अंग ३८.५ अंशांवरून ४० वर गेलं, की तो तिथेच खुंटू शकतो. सातव्या दिवसापर्यंत टिकलेला गर्भ बराच कणखर असतो. बीजांडालाही उन्हाची झळ बसते, म्हणून गारवा रेतनाच्या आधीपासूनच हवा.

आता संचाबद्दल. बसवणाऱ्याने आधी धुक्यासारखे बारीक नोझल लावून दिले. दमट दिवसांत पाणी केसांवरच मोत्यांसारखं बसायचं, खाली कातडी कोरडी, आणि गाय जीभ बाहेर काढून धापा टाकतेय! भांडून मोठ्या थेंबांचे नोझल बदलून घेतले. आता पाठ कातडीपर्यंत भिजते, फवारा थांबतो, पंखा ती वाळवतो, हेच चक्र पुन्हा. दुपारी तीनला थर्मामीटर लावते, तेव्हा फरक दिसतो. टायमर उत्तम. रात्रीही पंखे चालू ठेवा.

नोझलमध्ये क्षार धरतात, दर आठवड्याला काढून धुवावे लागतात.