नऊ महिने, एक ट्रेकिंग पँट आणि पोटरीतली कुसळं

डिसेंबरात एका सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरून खाली आलो, खिशात हात घातला, तर गाडीची किल्ली नाही. चेन मात्र लावलेली. म्हणजे रनर वरपर्यंत गेला होता, पण त्याच्यामागे दात मिटलेच नव्हते. खिसा आ वासून उघडा. पुन्हा गड चढलो. किल्ली दरवाज्याच्या अलीकडे एका दगडावर कुणीतरी नीट दिसेल अशी ठेवली होती. रोज सकाळी गडावर येणारी माणसं अशीच आहेत, पण पँटची कंपनी तशी निघाली नाही. तेव्हा पँट घेऊन सात महिने झाले होते, आता नऊ झालेत. राग निवलाय, म्हणून लिहितोय.

घेतली मे महिन्याच्या शेवटी, पुण्यात, २,४९९ रुपयांना. एवढ्या पैशांत आमच्याकडे दोन पँटी शिवून होतात, हे बायकोने दुकानातच ऐकवलं होतं. नायलॉनचं ताणलं जाणारं कापड, कमरेला बाजूने इलॅस्टिक, मांडीवर चेनचा खिसा, रंग राखी. गुडघ्यापासून सुटून हाफ पँट होणारी मी मुद्दाम घेतली नाही. भाच्याकडे तशी आहे, त्याच्या गुडघ्याला चेनची कडा घासून वळ उठतो. शिवाय दोन चेन जास्त म्हणजे बिघडायला दोन जागा जास्त. (बिघडली ती खिशाचीच, तो भाग वेगळा.)

आधी चांगलं सांगतो, कारण पावसाळाभर मी या पँटची जाहिरातच करत हिंडलो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून चार दिवस अजिंक्यतारा आणि सुट्टीला यवतेश्वरकडे किंवा सज्जनगड. सुती पँट किंवा जीन्स भिजली की ती पाणी धरून बसते, जड होते आणि गुडघ्याला चिकटते, प्रत्येक पायरीला ओढत न्यावी लागते. ही भिजते, पण धरून ठेवत नाही. कल्याणगडाच्या गुहेत पार्श्वनाथ आणि दत्ताच्या दर्शनाला गार पाण्यातून आत जावं लागतं. बाहेर आलो तेव्हा मांडीपर्यंत ओला होतो. गड उतरून नांदगिरीत चहा हातात येईपर्यंत मांड्या कोरड्या, फक्त शिवणी आणि खिशाचं अस्तर दमट. तिथेच एक खोट कळली, मोहरी फार अरुंद. वर दुमडायला गेलो तर पोटरीवरच अडकली. पाण्यातून जायचं असेल तर दुकानात मोहरी गुडघ्यावर चढते का बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

सुरुवातीला रिमझिम पाऊस कापडावरून थेंब थेंब घरंगळायचा. साधारण वीस धुण्यांनंतर ते थांबलं. हा वरून दिलेला थर असतो, तो झिजतोच, आणि सॉफ्टनर घातलं तर लवकर मरतो. आमच्याकडे ते पहिल्या महिन्यापासून पडत होतं. आता बंद केलंय. लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर वर फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवा, थर थोडा जागा होतो. मी फिरवली, चार-पाच दिवस थेंब पुन्हा पळाले.

राखी रंगाबद्दल एकच वाक्य: कासच्या जांभ्याचा तांबडा चिखल उजव्या मांडीवर अजून आहे.

ऑगस्टमध्ये मला कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मग पाऊस उघडला, गवत वाळलं, आणि आम्ही वैराटगडाला गेलो.

साताऱ्याच्या आसपास ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरणाऱ्याला कुसळ म्हणजे काय ते सांगायला नको. तरी या पँटमुळे मी त्याचा जो अभ्यास केला तो सांगतोच. गवताच्या दाण्याचं टोक सुईसारखं, टोकाला मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा भरतो, आणि त्या फिरण्यात दाणा स्क्रूसारखा आत शिरतो. त्याची ही सोय मातीत रुजण्यासाठी. माझ्या पँटला तो माती समजला. सकाळचं दव आणि दहाचं ऊन, दोन्ही आम्हीच पुरवलं. ताणलं जाणारं कापड चालताना गुडघ्यावर, पोटरीवर फाकतं आणि कुसळाला वाट मिळते. गडाच्या निम्म्यात मी खाली बसून उपटत होतो. बरोबरच्या एका निवृत्त मास्तरांनी जुनी टेरिकॉटची ऑफिस पँट घातली होती, त्यांनी दोनदा हात झटकला आणि पुढे गेले. लोक दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघतात, मास्तर माझ्या पोटरीतली मोजत होते.

घरी आल्यावर चूक केली, पँट तशीच मशीनमध्ये टाकली. कुसळं पँटमधून निघाली आणि माझ्या बनियनमध्ये गेली. सोमवारी पतसंस्थेच्या काउंटरवर मी दिवसभर पाठ खुर्चीला घासत बसलो होतो. खातेदारांना वाटलं असेल साहेबांना नायटा झाला. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, यापुढे ही पँट मशीनमध्ये गेली तर तुमचे कपडे तुम्ही धुवायचे."

म्हणून एक पद्धत बसवली. पँट पूर्ण वाळू द्यायची, उलटी करायची, आणि कुसळाचं टोक आतल्या बाजूने चिमट्याने धरून ओढायचं. बाहेरून शेपूट ओढलं तर ते तुटतं आणि टोक आत राहतं, कारण केस मागे वळलेले असतात. एका पायाला वीस मिनिटं. दिवाळीच्या आसपास बातम्या बघत हेच काम चालू होतं. ट्रेकिंगच्या पँटवर शिवण, पट्टा, खिसे यांबद्दल खूप काही ऐकायला मिळतं. कुसळ लागतं का, हे मला एकानेही सांगितलं नाही. सह्याद्रीत चार महिने पाऊस आणि पुढचे तीन महिने कुसळ, मग पँट नेमकी कुठल्या डोंगरासाठी करतात?

त्यात डिसेंबरात तो रनर गेला. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, बिल पाठवा. बिल पाकिटात जपून ठेवलं होतं, बाहेर काढलं तर कोरा पांढरा कागद. ते गुळगुळीत कागदावरचं छापील असतं, काही महिन्यांत उडतं. घेतल्या दिवशी फोटो काढून ठेवा, हे शहाणपण मला आता आलं. मोबाइल नंबरवरून खरेदी सापडली, तर पुढचं उत्तर: चेन ही वापराची झीज, वॉरंटीत बसत नाही, पुण्याच्या दुकानात प्रत्यक्ष दाखवल्यास विचार करू. एका चेनसाठी एसटीने स्वारगेटला जायचं आणि यायचं, तेही नुसता विचार व्हावा म्हणून. मी लिहिलं, विचार तुम्ही तिकडेच करा.

मोती चौकाजवळच्या बोळात एक सत्तरीचे शिंपी आहेत. त्यांनी पँट हातात घेतली, रनर दोनदा वरखाली केला, म्हणाले, "साहेब, चेन ठणठणीत आहे, रनर ढिला झालाय." पकडीने रनर दोन्ही बाजूंनी हलकाच दाबला, मेणबत्ती फिरवली, झालं. "पुन्हा सुटला तर नवीन टाकू, तीस रुपये." आजचे किती विचारलं तर हात हलवला. तीन आठवडे कंपनीशी जे लिहीत होतो ते पाच मिनिटांचं काम होतं.

खरी गंमत पुढे. त्यांनी पँट उलटी केली, आसनात चार शिवणी एका जागी येऊ नयेत म्हणून लावलेला चौकोनी तुकडा बघितला आणि हसले. "यात कळी टाकलीय की! आमचे वडील तालमीतल्या पोरांच्या विजारीला टाकायचे. ढांग टाकली तरी उसवत नाही." मी नऊशे जणांना सांगितलं असेल की या पँटमध्ये पाय गुडघ्याइतक्या उंच दगडावर टाकला तरी ओढ बसत नाही, काय शोध लावलाय! तो यांच्या वडिलांच्या कात्रीत होता.

मी तिथेच विचारलं, टेरिकॉटमध्ये कळी टाकून द्याल का? कापड आणि शिलाई मिळून नऊशेच्या आत बसलं. मोहरी गुडघ्यावर चढेल अशी, उजवीकडे चेनचा खिसा, आत एक चोरखिसा. जानेवारीत ती घालून चंदन-वंदनला गेलो. परत येऊन मोजली: अकरा कुसळं, तीही सगळी मोज्यात.

म्हणून कंपनीची पँट टाकून दिली का? नाही. टेरिकॉटची घामाने लवकर चिकटते, आणि गुडघा वर घेताना कळी असली तरी कापड स्वतः ताणत नाही, ते जाणवतं. वासोट्याला ती घातली आणि त्या खड्या चढणीवर अर्ध्या वाटेत राखीची आठवण आली. शिवाय राखी सव्वाशे वेळा तरी वापरली असेल, म्हणजे एका वेळेचे वीस रुपये पडले. अजून कुठे उसवलेली नाही, बुडावर कापड थोडं चमकतं एवढंच. गावात, बाजारात, शनिवारी पतसंस्थेत सगळीकडे चालते. लग्नात मात्र घालू नका. कोरेगावच्या लग्नात मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, अक्षता टाकून गडावर जायचंय का?"

घेणार असाल तर ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. उकिडवं बसा, पाय स्टुलावर टाका, खिशात फोन ठेवून चार पावलं चाला. फोन मांडीवर आपटत असेल तर गड उतरताना वैताग येतो. प्रत्येक चेन दहा वेळा वरखाली करा, विक्रेता बघत असला तरी. घेताना खिशात एखादं कुसळ घेऊन जा, असंही सांगितलं असतं, पण मे महिन्यात ते मिळत नाही.

आता मार्चपर्यंत टेरिकॉट, पुढे राखी. रनर कालच पुन्हा सुटला. उद्या तीस रुपये घेऊन बोळात जाणार आहे.