चौथा प्लग आणि २१ ची गोटी : आठ महिने वापरल्यावर

आजोबांच्या वेळचा फर्ग्युसन टीई-२० आमच्याकडे कळमेश्वरच्या वाडीत उभा आहे. हे ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनले. आमच्याच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, ऑइल जळतं, त्यामुळे इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग सतत काळे पडतात. पुढचे तीन पटकन निघतात. चौथा मात्र टाकीखाली अडचणीत. जुना पाइपचा प्लगपाना तिथं सरळ बसतच नाही. मागच्या वर्षी एका मिस्त्रीनं तो तिरपा लावून जोर मारला आणि प्लगची पांढरी चिनी माती तडकली.

म्हणून पोळ्याच्या आधी नागपूरच्या इतवारीतून २१ ची लांब गोटी (प्लगच्या षटकोनावर बसणारा २१ मिमीचा नळीसारखा पाना), लांबी वाढवायला तीन इंची एक्स्टेंशन, हवा तसा वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट आणि गोटी फिरवायला ३/८ इंची रॅचेटची मूठ घेतली. अर्धा इंची नका घेऊ राजेहो, त्याचं डोकंच तिथं मावत नाही.

पहिल्या दिवशी निराशाच झाली. जॉइंट लुळा, गोटी प्लगवर ठेवेपर्यंत मान टाकायची. त्याला इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे गुंडाळली. आता तो वाकतो, पण लोळत नाही. तरी ढिला करताना डाव्या हातानं गोटी सरळ धरावीच लागते, नाहीतर परत तीच तडक. जाम असेल तर रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवतो.

आणखी एक सवय लागली. प्लग अर्धा आटा ढिला करायचा, मग सायकलच्या पंपानं खाचेतला भुसा-माती उडवायची, मगच पूर्ण काढायचा. नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये. बसवताना गोटी वापरतच नाही. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवतो आणि चिमटीनं फिरवतो. आटा चुकला तर नळीच घसरते, हेडचे आटे वाचतात. हातानं टेकला की नव्या वायसरला पाव ते अर्धा फेरा, जुन्याला त्याहून कमी. बस.

तक्रार एकच, गोटीत प्लग धरून ठेवणाऱ्या रबराची. चौथ्या महिन्यात ते फुगलं आणि प्लगवरच अडकून राहिलं, गोटी रिकामी हातात. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, आणि मी नाकपक्कड घेऊन टाकीखाली! तेव्हापासून हे काम पहाटेच. दुकानदारानं रबर बदलून दिलं नाही. आता आत चिकटपट्टीचा तुकडा लावतो, प्लग तेवढ्यावर धरला जातो.

तान्ह्या पोळ्याला पोरांना बसवून गावात फेरी मारली, चारही सिलिंडर बोलत होते. शेजारच्या काकांच्या जुन्या विलीज जीपलाही १४ मिमी आट्याचेच प्लग, षटकोन २१ चाच, म्हणून तीच गोटी चालते. त्यामुळे दर रविवारी सकाळी हाक येते, ‘भाऊ, गोटी देता का?’ देतो, पण टेप लावलेला जॉइंट नाही देत.