हार्फबझसाठी बाइंडजेन: पावसाळाभर वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतून हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी सी लायब्ररी वापरायची आहे आणि बाइंडिंग, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या घोषणा, हाताने लिहायचा कंटाळा आहे, तर त्या आपोआप लिहून देणारं बाइंडजेन जरूर घ्या. मात्र त्यातून फाइल निघाली म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. निम्मं काम तिथून पुढे आहे आणि ते कुठलंही टूल तुमच्यासाठी करत नाही.

फोंड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. फ्लेक्स आणि पाट्या छापणाऱ्या दुकानांसाठी आम्ही एक प्रोग्राम बनवतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं, दुकानदार मजकूर टाइप करतो, पडद्यावर पाटी दिसते, पसंत पडली की छपाईला जाते. गोव्यात हा मजकूर एकाच भाषेत क्वचित असतो. जत्रेचा फलक मराठीत, त्याच्याखाली पंचायतीची सूचना कोंकणीत, कोपऱ्यात इंग्रजी; तियात्राचं (गोव्यातल्या कोंकणी नाटकाचं) पोस्टर असेल तर कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली, त्यामुळे एकाच फलकावर देवनागरीत दोन भाषा हे इथे रोजचंच. चतुर्थीच्या आधीचे आठवडे तर विचारूच नका.

फ्रीटाइप ही दुसरी लायब्ररी फॉन्टातल्या एकेका ग्लिफचं, म्हणजे अक्षराच्या एकेका आकाराचं, चित्र काढून देते. कुठला ग्लिफ, कुठल्या क्रमाने आणि नेमका कुठे, हे ठरवतं हार्फबझ; या कामाला शेपिंग म्हणतात. ‘डिचोली’ टाइप करताना ‘ड’ आधी आणि वेलांटी नंतर येते, पण कागदावर वेलांटी आधी हवी. ‘पर्वरी’तला रफार ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसायला हवा. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस ही सगळी मंडळी या कामासाठी हार्फबझच वापरतात. आमचे बरेचसे दुकानदार मजकूर आधी लिब्रेऑफिसमध्ये जुळवतात आणि आमच्याकडे आणून चिकटवतात. तिथे एक दिसलं आणि इथे दुसरं, असं चालत नाही. रस्टमध्येच लिहिलेलं रस्टीबझ आहे, चांगलं आहे, आणि तुमची गरज साधी असेल तर बाइंडिंगच्या भानगडीत न पडता सरळ तेच वापरा. आम्हाला मूळ लायब्ररीच हवी होती.

हार्फबझ आतून सी++ मध्ये आहे, पण बाहेर दिसणारा भाग शुद्ध सी. त्यामुळे बाइंडजेनला ते पचायला सोपं जातं. बाइंडजेन क्लँग या सी कंपायलरच्या मदतीने हेडर (लायब्ररीच्या फंक्शनांची नावं आणि टाइप सांगणारी फाइल) वाचतं आणि रस्टमधल्या घोषणा लिहून देतं. अलाउलिस्टमध्ये (हव्या त्या नावांच्या यादीत) ‘एचबी’ने सुरू होणारी नावं एवढंच सांगितलं की सिस्टीमच्या हेडरांचा कचरा फाइलमध्ये येत नाही. हे न करता पहिली फाइल उघडून पाहिलीत तर घाबराल. लायब्ररी बांधायलाही सोपी: सोर्समध्ये सगळ्या फाइली एकत्र ओढणारी एक ‘हार्फबझ डॉट सीसी’ आहे, तेवढीच कंपाइल केली की झालं.

अडचण सुरू होते ती लिबक्लँगपासून, म्हणजे बाइंडजेनला लागणाऱ्या क्लँगच्या लायब्ररीपासून. बिल्डच्या वेळी बाइंडिंग बनवायची तर प्रत्येक मशीनवर एलएलव्हीएम (क्लँग ज्याचा भाग आहे तो संच) हवं, विंडोजवर त्याचा पाथ वेगळा सांगायला हवा, आणि नवीन आलेल्या मुलाचा पहिला दिवस त्यातच जातो. म्हणून तयार झालेली फाइल गिटमध्ये ठेवावी, असं कोणालाही वाटेल. ठेवा, पण एक फाइल ठेवून भागत नाही. सीमधला इनम (नावं दिलेल्या किमतींची यादी) लिनक्सवर बिनचिन्ह पूर्णांक होतो, तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसाठी चिन्हासह. फ्रीटाइपची मापं ‘लाँग’मध्ये आहेत; ६४ बिटी लिनक्सवर तो ८ बाइटचा आणि ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटचा. दोन मापांचा साधा व्हेक्टर एकीकडे १६ बाइट आणि दुसरीकडे ८. बाइंडजेन प्रत्येक स्ट्रक्चरच्या आकाराची तपासणी त्याच फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे चुकीची फाइल चुकीच्या मशीनवर गेली की तिथल्या तिथे अडते. ही तपासणी बंद करण्याचा पर्याय आहे. त्याला हात लावू नका. आम्ही आता प्रत्येक टार्गेटची वेगळी फाइल ठेवतो आणि त्या सगळ्या एकाच बिल्ड सर्व्हरवर तयार होतात.

दुसरा मोह म्हणजे सीच्या इनमला रस्टचा खराखुरा इनम करणं. मॅच लिहायला छान वाटतं. पण हार्फबझमध्ये लिपी हा इनम आहे आणि युनिकोडमध्ये नवी लिपी आली की त्या यादीत भर पडते. बाइंडिंग जुन्या हेडरवरून केलेली आणि चालताना जोडली गेलेली लायब्ररी नवी असेल, तर यादीत नसलेली किंमत रस्टच्या इनममध्ये येऊन पडते. रस्टच्या नियमाने ते अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची जबाबदारी कोणाचीच नाही. बाइंडजेन आपणहून साधे स्थिरांक देतं. दिसायला ओबडधोबड आहेत, राहू देत. टॅग (लिपी, भाषा वगैरेंची चार अक्षरी खूण) बनवणारा मॅक्रोही फाइलमध्ये येत नाही, कारण आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो बाइंडजेन सोडून देतं. तो एका ओळीत हाताने लिहावा लागतो. ते किरकोळ.

किरकोळ नाही ते मालकीचं. सर्व्हे प्लॅनवर जमिनीच्या हद्दी बिनचूक असतात, पण तिथे मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण राहतो ते त्यावर दिसत नाही. तयार बाइंडिंगचंही तसंच आहे. फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंटं, टाइप सगळं बरोबर. कुठली वस्तू कोणी सोडायची, पॉइंटर कधीपर्यंत चालतो, याबद्दल अक्षर नाही. फॉन्टची फाइल मेमरीत वाचून ब्लॉब (हार्फबझला द्यायचा डेटाचा गठ्ठा) बनवताना ‘फक्त वाचायचं’ हा मोड दिला तर हार्फबझ नक्कल करत नाही, तुमचीच मेमरी वापरतं. फाइल ज्यात वाचली तो रस्टमधला व्हेक्टर स्कोपबाहेर गेला की ती मेमरी गेली, आणि कंपायलरला याचा पत्ता नाही. शेपिंगनंतर मिळणारा ग्लिफांचा पॉइंटर बफरला (मजकूर ज्यात भरतो त्या वस्तूला) पुन्हा हात लागेपर्यंतच वैध असतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हार्फबझ अपयशी ठरलं तरी बहुतेक ठिकाणी नल (रिकामा पॉइंटर) देत नाही. फॉन्टची फाइल सापडली नाही तर रिकामा ब्लॉब मिळतो, त्यावरून रिकामा फेस (फॉन्टची वस्तू) बनतो, आणि क्रॅश न होता सगळे ग्लिफ शून्य क्रमांकाचे येतात. तुम्ही लिहिलेली नलची तपासणी शोभेपुरती राहते. नंतरच्या आवृत्त्यांत चुकल्यावर खरंच नल देणारं वेगळं फंक्शन आलं आहे, तेच वापरा.

हे सगळं हार्फबझवाल्यांनी लिहून ठेवलेलं नाही असं नाही. फंक्शनवरच्या टिपांत ‘मालकी तुमची’, ‘मालकी आमचीच’ अशा खुणा नीट आहेत. पण त्या टिपा बहुतेक करून .सीसी फाइलींत आहेत आणि बाइंडजेन हेडर वाचतं. त्यामुळे त्या त्याच्या नजरेला पडतच नाहीत. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन हे बाइंडिंग बनवणारं दुसरं टूल मात्र नेमक्या त्याच खुणा वाचून बाइंडिंग बनवतं. आमच्या चाचणीच्या पायथन स्क्रिप्ट त्यावर चालतात, आणि तिथे ग्लिफांची यादी थेट पायथनच्या लिस्टसारखी मिळते, लांबी वेगळी विचारावी लागत नाही. लिनक्सवर एक पॅकेज टाकलं की सुरू. विंडोजवर मात्र ते दुकानदाराच्या मशीनपर्यंत नेण्याची माझी हिंमत नाही. शेवटी मी काय केलं, तर त्या टिपा शेजारी उघड्या ठेवून रस्टचा पातळ थर हाताने लिहिला: प्रत्येक वस्तूला ड्रॉप (काम संपलं की ती सोडणारा कोड), ग्लिफांच्या स्लाइसला बफरचं लाइफटाइम (बफर आहे तोवरच ती वापरता येईल अशी अट), ब्लॉबमध्ये डेटाची मालकी. आम्ही प्रत्यक्षात वापरतो ती फंक्शनं मोजकीच, त्यामुळे हा थर लहान आहे. बाकीची शेकडो नावं फाइलमध्ये नुसती पडून आहेत, पडू देत.

नवख्यांसाठी एक सूचना. ग्लिफच्या माहितीत ‘कोडपॉइंट’ नावाचा रकाना आहे. शेपिंगच्या आधी त्यात खरंच युनिकोड असतो, नंतर ग्लिफचा क्रमांक. नाव तेच राहतं. आणि ‘क्लस्टर’, म्हणजे ग्लिफ मूळ मजकुरातल्या कुठल्या जागेचा तो आकडा, हा बाइटमध्ये मोजलेला असतो, कारण आपण यूटीएफ-८ भरतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ‘डिचोली’चे क्लस्टर ०, ६, १२ असे येतात. कर्सर ठेवताना हे ध्यानात असू द्या.

आता ज्या कारणासाठी दुकानदारांनी आमचं डोकं खाल्लं ते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा तर मजकुराची भाषा हार्फबझला स्पष्ट सांगावी लागते; मग फॉन्टातली त्या भाषेसाठीची रूपं लागू होतात. नमुना कोडमध्ये सगळीकडे ‘तूच अंदाज घे’ म्हणणारं फंक्शन असतं. ते लिपी मजकुरावरून बरोबर ओळखतं, पण भाषा घेतं ती चालू लोकेलवरून (मशीनच्या भाषेच्या सेटिंगवरून), आणि दुकानातला विंडोज इंग्रजीत. म्हापशाच्या एका दुकानदाराने प्रूफ परत पाठवलं आणि वर फोन केला, “बाब, हा ‘ल’ हिंदीवाल्यांचा आहे, देवळाच्या कमिटीला चालणार नाही.” त्याचा मुद्दा सोळा आणे खरा. आता प्रत्येक ओळीला भाषा निवडायची सोय आहे. ओपनटाइप या फॉन्टच्या फॉरमॅटमध्ये मराठी आणि कोंकणी यांचे टॅग वेगळे आहेत, पण मराठीची सोय असलेल्या प्रत्येक फॉन्टात कोंकणीचीही असेलच असं नाही. तिथे कोंकणी ओळीलाही मराठीचा टॅग देतो. भाषाभिमान्यांनी माफ करावं, अक्षर बरोबर येतं.

हार्फबझची नवी आवृत्ती घेताना मी आता आधी फक्त बाइंडिंगच्या फाइलींमधला गिटमधला फरक वाचतो. एपीआय मोडत नाहीत, याबाबतीत ते लोक फार काटेकोर आहेत. फरकात बहुधा नुसती भर दिसते. बाइंडजेनचं तसं नाही. त्याची आवृत्ती बदलली की पर्यायांची नावं किंवा निघालेल्या कोडचं रूप बदलू शकतं, म्हणून त्याची आवृत्ती पक्की बांधून ठेवली आहे आणि दोन्ही एकाच कमिटमध्ये कधीच बदलत नाही.