१०० मिमी मॅक्रो आणि टाकीवरचा फ्लॅश : घरच्या माशांचे फोटो, काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या टाकीतल्या माशांचे फोटो काढायला फुलफ्रेम (मोठ्या, ३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स आणि रेडिओ ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा मिळून चालणारा, शक्ती हातानं ठरवायचा एक साधा मॅन्युअल फ्लॅश, असा संच मी कित्येक महिने वापरतोय. दोन्ही एकदमच घेतले होते. आज कुणी विचारलं की यातलं एकच घ्यायचं तर काय घेऊ, तर मी डोळे झाकून फ्लॅश सांगेन. लेन्स उत्तमच आहे, पण फोटोंचा कायापालट झाला तो वरून येणाऱ्या प्रकाशामुळे.

निऑन टेट्रा या छोट्या माशाचंच बघा. त्याचा तो निळा पट्टा रंगद्रव्याचा नसतो. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन या स्फटिकी पदार्थाच्या अतिपातळ चकत्यांच्या थप्प्या असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. म्हणजे प्रकाश कुठून येतो आणि आपण कुठून बघतो, यावर तो रंग ठरतो. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून मारला की काचेत चकाकी येते, खवले पांढरेफटक पडतात आणि मागच्या झाडांवर माशाची काळी सावली उमटते. तोच फ्लॅश झाकणावर, पुढच्या काचेलगत, तोंड खाली आणि किंचित मागे कलवून ठेवला की पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटतो, एकेक खवला सुटा दिसतो. त्याची पोझिशन दोन बोटं इकडेतिकडे केली तरी फरक पडतो, हे प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे. तळाला फिकट वाळू असेल तर खालून थोडा प्रकाश परततो आणि पोटाची बाजूही उजळते. काळ्या मातीच्या टाकीत पोट अंधारातच राहतं.

माझं सेटिंग आता जवळपास कायमचं ठरलंय : शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश पूर्ण शक्तीच्या १/८ किंवा १/१६ वर. फ्लॅशची शक्ती जितकी कमी, तितका त्याचा लखलखाट कमी वेळ टिकतो, आणि मासा गोठतो तो त्या लखलखाटात, शटरमुळे नाही. टाकीच्या एलईडीचा वाटा या सेटिंगला नगण्य असतो. त्यामुळे मंद केलेल्या एलईडीत वेगवान शटरला येणारे आडवे पट्टे गेले आणि झाडांसाठीच्या दिव्याची गुलाबी झाकही गेली. तरी फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. टाकीत लाकूड असेल तर पाण्याला चहासारखी छटा येते, ती नंतर सुधारता येते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो : उघड्या पाण्यावर फ्लॅश टांगू नका. मध्ये काचेचं झाकण हवंच, आणि फ्लॅश सरकणार नाही असा बसवलेला हवा. झाकणाच्या खालच्या बाजूला वाफ धरते आणि प्रकाश कमी होतो, म्हणून सुरू करण्याआधी ती पुसून घ्यायची. माशांना पापण्या नसतात, तेव्हा अंधार करून एकदम फ्लॅश उडवणं मला पटत नाही. टाकीचा दिवा लावून बराच वेळ जाऊ द्यावा. माझे मासे सुरुवातीला दचकतात, मग लक्षही देत नाहीत.

आता लेन्स. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर मासा खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, निऑनसारखा तीनेक सेंटिमीटरचा मासा जवळपास पूर्ण फ्रेम व्यापतो. ऐकायला छान वाटतं, पण तिथे एफ/८ ला फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते; डोळा टिपला तर पर गेला. मी बहुतेक फोटो अर्ध्या मोठेपणावर काढतो आणि मासा काचेला समांतर येईपर्यंत थांबतो. लेन्सही काचेला काटकोनातच हवी. तिरकं धरलं की अपवर्तनामुळे कडांना रंगीत झालर येते आणि सगळंच मऊ पडतं. लेन्सच्या तोंडावरचा रबरी हूड काचेला टेकवला की खोलीतलं प्रतिबिंब बंद आणि हातही स्थिर. गोल भांड्यातल्या माशांसाठी हा खर्च करू नका, वक्र काचेपुढे कुठल्याच लेन्सचं काही चालत नाही.

ऑटोफोकस ही या लेन्सची कमजोर बाजू. काचेवरच्या शेवाळाच्या ठिपक्याला ती चिकटते, नाहीतर पुढेमागे घरघरत राहते. मी ते बंदच ठेवतो. अंतर पक्कं करायचं आणि मासा त्या जागी येण्याची वाट बघायची. त्यासाठी मासे ओळखावे लागतात, आणि मला या सगळ्यातलं हेच सर्वांत जास्त आवडतं. कोरिडोरस हा तळाशी राहणारा मासा मध्येच तळापासून सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो, कारण तो आतड्यातूनही श्वास घेऊ शकतो. गप्पीचा नर मादीपुढे शरीर इंग्रजी एसच्या आकारात वाकवून थरथरतो. मादी स्थिर झाली की फोकस तिच्या पुढ्यात लावून ठेवायचा.

बाकी तयारी थोडक्यात : पाणी आदल्या दिवशी बदला, कारण ताज्या पाण्यातले बुडबुडे काचेला चिकटतात. आतलं शेवाळ काढा, बाहेरची काच साध्या पाण्यानं पुसा, फोटोआधी खाऊ घालू नका, आणि फिल्टर काही मिनिटं बंद ठेवला तर तो परत सुरू करायला विसरू नका.

न मागता मिळालेला एक फायदा म्हणजे माशांची तब्येत कळते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा मिठाच्या कणाएवढा पहिला ठिपका मला स्क्रीनवर फोटो मोठा करताना दिसला, टाकीसमोर बसून दिसला नव्हता.

तक्रारी दोन. ट्रिगरची बॅटरी उतरायला लागली की तो काही न सांगता एखादा फोटो चुकवतो. आणि एका फ्लॅशमध्ये ग्लास कॅटफिश जमत नाही. त्याच्या पारदर्शक अंगावर इंद्रधनुषी झाक येते ती पांढरा प्रकाश शरीरातून आरपार जाताना, स्नायूंच्या रेखीव रचनेमुळे. वरून कितीही प्रकाश टाका, ती झाक हवी तशी येत नाही. त्यासाठी दुसरा फ्लॅश मागच्या काचेबाहेर लावावा लागणार, आणि आता तोच घेणार आहे.